भाच्याच्या गाडीचा भाता

यंत्र बिघडले की मी त्याच्याकडे आदराने पाहत उभा राहतो आणि आमची सौभाग्यवती मिस्त्रीला बोलावून आणते, अशी आमच्या घरातली श्रमविभागणी आहे. त्यामुळे यंदाच्या दिवाळीत मी मोटारीच्या इंजिनावर लिहिणार आहे हे ऐकून ती पाच मिनिटे हसत होती. "आधी मिक्सरचं भांडं नीट बसवून दाखवा," एवढेच तिने म्हटले. तिचे म्हणणे रास्त आहे. परंतु गेल्या मे महिन्यात माझ्यावर जो प्रसंग आला, तो सांगायचा तर इंजिनाला टाळून चालणार नाही.

'टर्बो' हा शब्द तोपर्यंत मला ठाऊक होता तो खंबाटकीच्या घाटातला. पुढच्या मालट्रकच्या पाठीवर तो शब्द रंगवलेला असायचा, मागे आमची एस.टी. कण्हत असायची, आणि 'हॉर्न ओके प्लीज'सारखाच हाही काहीतरी शिष्टाचाराचा शब्द असावा अशी माझी समजूत होती. सुट्टीत थोरल्या बहिणीकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी भाच्याने मला हळूच गॅरेजात नेले.

गॅरेज म्हणजे मोटारीचे घर हा आपला समज. ताईच्या गॅरेजात एका फळीवर गणपतीचे मखर, दुसरीवर लोणच्याच्या बरण्या आणि उरलेल्या जागेत चादर पांघरलेली एक लाल, बुटकी, दोनच माणसांची गाडी होती. माझदा मियाटा, १९९२ सालची. ही भावोजींची. त्यांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती. रविवारी सकाळी छत उघडून ताईला शेजारी बसवायचे आणि समुद्राच्या बाजूने एक फेरी मारून यायची, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम होता. चार वर्षांपूर्वी भावोजी गेले. गाडी भाच्याकडे आली, आणि भाचा तिला रस्त्याऐवजी शर्यतीच्या मार्गावर नेऊ लागला.

"मामा, हिला टर्बो लावायचाय. तू आईशी बोल."

"मी काय बोलणार? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

"म्हणून तर. तुला समजलं तर आईलाही समजेल."

या युक्तिवादातला अपमान मी गिळला आणि एका उलट्या बादलीवर बसून शिकवणीला सुरुवात केली.

इंजिन म्हणजे श्वास घेणारे यंत्र, हे त्याने पहिल्यांदा सांगितले. पेट्रोल हवे तितके ओतता येते. ते जाळायला हवा पुरली पाहिजे. मियाटाचे इंजिन १५९७ सी.सी.चे. मिनिटाला ७००० फेरे घेत असताना दर दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण श्वास घेते. गुणाकार करा: साधारण साडेपाच हजार लिटर, आणि प्रत्येक श्वास काही काठोकाठ भरत नाही, म्हणून पाच हजार धरा. पाच हजार लिटर हवेचे वजन जवळजवळ सहा किलो होते. एका मिनिटात सहा किलो हवा! हवेला वजन असते हे शाळेत शिकलो होतो. ती किलोवर मोजून विकत घेतल्यासारखी कोणी खाते हे प्रथमच कळले. या सहा किलोंवर ते इंजिन ११६ अश्वशक्ती देते. भाच्याला हव्या होत्या २००. त्याला मिनिटाला नऊ किलोंच्या आसपास हवा लागेल. एवढी हवा इंजिन आपण होऊन ओढू शकत नाही, ती कोंबावी लागते.

कोंबणारा कोण? इथे मला आमच्या गावच्या लोहारशाळेची आठवण झाली. लोहाराचा भाता! विस्तवात हवा रेटली की तोच कोळसा पांढरा तापतो. फक्त लोहाराचा भाता पोरगा ओढतो, आणि इथला भाता विस्तवाच्याच धगीवर फिरतो. इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर वेगाने निघतो, त्याच्या वाटेत एक छोटे चक्र ठेवायचे. त्या चक्राच्या दांड्याला दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र, ते बाहेरची हवा दाबून आत लोटते. फेकून द्यायच्या उच्छ्वासावर पुढचा श्वास! धुराच्या बाजूचे चक्र आठ-नऊशे अंश तापलेले असते, आणि दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

ही कल्पना नवी नाही. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सव्वाचार हजार मीटर उंचीच्या डोंगरावर नेले आणि विरळ हवेतही या भात्याच्या जोरावर ते दम न लागता चालते हे दाखवून दिले. जहाजांनी आणि मालट्रकांनी टर्बो लौकर आपलासा केला. मोटारींचा संसार मात्र सुखाचा झाला नाही. १९६२ साली ओल्ड्समोबील कंपनीने 'जेटफायर' नावाची टर्बोवाली गाडी काढली. इंजिन आतून फुटू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण शिंपडण्याची एक वेगळी टाकी होती, आणि ती वेळच्या वेळी मालकाने भरायची होती. मालक ते विसरत. मोटारीत तेल-पाणी पाहायला विसरणारी माझ्यासारखी माणसे तिकडेही आहेत, हे वाचून मला फार बरे वाटले. पुढे १९७७ साली रेनोने सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत टर्बोवाली गाडी उतरवली, तेव्हा ती इतका पांढरा धूर सोडी की इंग्रज तिला 'पिवळी किटली' म्हणून चिडवीत. दोनच वर्षांनी, १९७९ साली, दिजोंला त्याच कंपनीच्या गाडीने शर्यत जिंकली आणि किटलीला हसणारे सगळे किटल्या शोधू लागले.

इथवर मी खुशीत होतो. मग भाच्याने भिंतीवर तीन नकाशे चिकटवले.

पहिल्या नजरेला ते मला सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे नकाशे वाटले. एकात एक गुंफलेल्या समोच्चरेषा, मध्ये एक लांबट माची. प्रत्येक टर्बोचा बनवणारा असा नकाशा देतो. आडव्या रेघेवर हवेचे वजन, उभ्या रेघेवर हवा किती पट दाबायची ते. आणि त्या माचीच्या आत असाल तर भाता सर्वांत कमी कष्टात हवा दाबतो. माचीपासून दूर गेलात की हवा दाबली जाण्यापेक्षा तापते जास्त. डाव्या बाजूला एक कडा आहे. इंजिन थोडीच हवा घेत असताना भाता जास्त रेटू लागला तर दाबलेली हवा उलटी फिरते आणि चक्राला धापा लागतात. उजव्या बाजूचा कडा म्हणजे भात्याची कुवत संपली. तिथे कितीही फिरवा, हवा वाढत नाही. आपल्या इंजिनाच्या भुकेची रेघ या नकाशावर काढायची आणि ती दोन कड्यांमधून, होईल तितकी माचीवरून जाते की नाही ते पाहायचे. टर्बो निवडणे म्हणतात ते हे. भावोजींच्या टेबलावरची पट्टी घेऊन आम्ही मामा-भाचे दोन संध्याकाळ त्या रेघा ओढीत बसलो. माझ्या आयुष्यातला भूमितीचा इतका सुखाचा तास दुसरा नाही.

भाच्याचे मन मोठ्या टर्बोवर होते. मोठ्या टर्बोच्या नकाशात उजवीकडे ऐसपैस जागा. आज २०० अश्वशक्ती घ्या, उद्या ३०० घ्या. "पुढे वाढायला जागा," असे तो म्हणत होता. पोराला दोन वर्षे पुढच्या मापाचा सदरा शिवणाऱ्या आपल्या आयांचेच हे तत्त्वज्ञान. परंतु मोठे चक्र जड असते. इंजिन हळू फिरत असताना धुराचा जोर त्याला पुरत नाही. तुम्ही पाय दाबता, काही होत नाही. आणखी दाबता, काही होत नाही. आणि मग सगळे एकदम येते. ताईला मी हे समजावले ते दुधाच्या दाखल्याने. पातेल्याजवळ उभे असताना वर येत नाही आणि पाठ वळली की उतू जाते, ते दूध. सरळ लांब रस्त्यावर हे उतू जाणे चालून जाईल. वळणाच्या शर्यतमार्गावर मात्र चालक एका फेरीत कितीदा तरी पाय सोडतो आणि दाबतो, आणि दाबतो तो नेमका वळणातून बाहेर पडताना. मागच्या टायरांची सारी पकड गाडीला वळणात धरून ठेवण्यात खर्च होत असते. त्याच क्षणी दूध उतू गेले तर गाडीची शेपटी पुढे येते.

लहान टर्बो लौकर जागा होतो, पायाचे ऐकतो. त्याचे दुखणे वेगळे. वरच्या फेऱ्यांवर तो धुराची वाट अडवतो, उष्णता कोंडते. शिवाय तो खालच्या फेऱ्यांवरच भरपूर पीळ देतो, आणि इंजिनातले कनेक्टिंग रॉड वाकतात ते अश्वशक्तीच्या आकड्याने वाकत नाहीत, या पिळाने वाकतात. तेव्हा लहान टर्बो घेतला तरी त्याचा दाब खालच्या फेऱ्यांवर आवरून धरावा लागतो. खुद्द माझदाने २००४ आणि २००५ साली याच गाडीच्या पुढच्या पिढीला कारखान्यातूनच टर्बो बसवला होता. तिथेही त्यांनी १७८ अश्वशक्तीवर समाधान मानले होते. हा आकडा मी भाच्यापुढे ठेवला, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

खरी मेख पुढे आहे. टर्बो एकटा येत नाही. लग्नात नवरदेवाबरोबर वऱ्हाड येते तसा येतो, आणि नवरदेवापेक्षा वऱ्हाडाचाच खर्च जास्त होतो.

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारून पाहिलेल्या कोणालाही हे सांगायला नको. ३० अंशांची हवा पावणेदोन पट दाबली तर चांगल्या टर्बोतूनही ती शंभर अंशांच्या वर निघते. एवढी तापलेली हवा सिलिंडरात गेली तर ठिणगीने पेटवलेल्या ज्योतीची वाट न पाहता उरलेले पेट्रोल आपल्या मनाने भडकते. त्यालाच इंजिन 'नॉक' करते असे म्हणतात, आणि दाबाखालच्या इंजिनाचे पिस्टन त्याने बघता बघता फुटू शकतात. म्हणून मध्ये हवा निवविणारा इंटरकूलर हवा. मग पेट्रोल जास्त हवे, तेव्हा ते शिंपडणारे इंजेक्टर मोठे हवेत. एरवी एक भाग पेट्रोलला सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. दाबाखाली हे प्रमाण बारा किंवा त्याहूनही खाली आणतात, कारण जास्तीचे पेट्रोल आतली धग थोडी शोषून घेते. हा हिशेब करणारा गाडीतला मूळचा संगणक दाबलेली हवा ओळखत नाही. त्याला कळते ते हवेच्या वाटेतली एक झडप किती उघडली एवढेच. तेव्हा तो बदला, आणि त्यात नवे कोष्टक भरणारा जाणता माणूस शोधा. कॅलिफोर्नियाच्या पंपांवर मिळणारे चांगले पेट्रोल तिकडच्या मापाने ९१ ऑक्टेनचे. कोष्टक भरायचे ते त्याच्याच बेताने.

मग पाणी. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांच्या छोट्या गाड्यांत आडवे बसायचे. मियाटात ते उभे बसवले. त्यामुळे पाण्याची बाहेर पडायची वाट पुढच्या तोंडाला आली आणि सर्वांत मागच्या चौथ्या सिलिंडराकडे पाणी कमी फिरते. रोजच्या वापरात याने काही बिघडत नाही. परंतु टर्बो लावून वीस-वीस मिनिटे सतत पळवायचे तर थर्मोस्टॅट मागे नेऊन पाण्याची वाटच फिरवावी लागते. पंगतीत वाढपी पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि शेवटच्या पानापर्यंत आमटी संपते, त्यातलाच हा प्रकार. वाढपी उलट्या टोकाने सोडायचा. शिवाय मोठा रेडिएटर, तेल थंड करणारा वेगळा कूलर, जास्त पीळ सोसणारा क्लच. १९९३ पर्यंतच्या गाड्यांचे मागचे डिफरन्शियल नाजूक, म्हणून १९९४ नंतरच्या गाडीचे. आणि टर्बो ज्या स्टडांवर टांगलेला असतो ते लालबुंद तापून पुन्हा निवता निवता सैल होतात, म्हणून तेही खास धातूचे. भाच्याच्या यादीत टर्बोची किंमत एकंदर खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नव्हती.

एकच गोष्ट त्याच्या फायद्याची निघाली. धुराचा जोर चक्र फिरवण्यात खर्ची पडल्यामुळे टर्बोवाली गाडी थोडी कमी ओरडते. ताईला सांगायला हा मुद्दा मी राखून ठेवला.

यादी वाचून झाल्यावर मी एक बाळबोध प्रश्न विचारला. "सगळं आलं. पण यात ब्रेक कुठे आहेत?"

भाचा उठला, गॅरेजचे दार लावून आला, आणि मग त्याने मला ते सांगितले.

मार्च महिन्यात लगुना सेकाला दिवसाच्या तिसऱ्या फेरपाळीत, मोठ्या सरळ रस्त्याच्या शेवटी दुसऱ्या वळणापूर्वी त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल थेट जमिनीला टेकले. ब्रेकच्या नळीतले तेल उकळले होते. तेल दाबले जात नाही, पण त्यातली वाफ दाबली जाते. पाय वाफेवर पडला. गाडी वळणाबाहेरच्या खडीत जाऊन रुतली. त्याला खरचटलेही नाही, गाडीला ओरखडा नाही. तेल दोन वर्षांत बदललेले नव्हते, चूक पूर्णपणे त्याची. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. चांगल्या जातीचे नवे तेल किमान २३० अंशांपर्यंत टिकते, तेच ओलावा प्यायले की १५५ अंशांवरही उकळू शकते. हे सर्व तो नंतर शिकला होता. आईला मात्र त्याने सांगितले नव्हते.

"आणि तरी तू पहिला टर्बो लिहिलास?"

"ब्रेकची मजा येत नाही रे मामा."

मी काही बोललो नाही. मराठीच्या वर्गातही व्याकरणाची मजा कोणाला येत नाही. परंतु त्या रात्री मला झोप लागेना. ताशी १६० किलोमीटरवरून थांबणारी गाडी १९० वरून थांबवायची तर ब्रेकला चाळीस टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते; वेगाचा वर्ग करा, उत्तर येते. आणि ही गोष्ट आता मलाही ठाऊक असून ताईला ठाऊक नव्हती.

पुढच्या शनिवारी त्याच्याबरोबर मी लगुना सेकाला गेलो. स्पॅनिश भाषेत या नावाचा अर्थ 'कोरडे तळे'. १९५७ साली बांधलेला हा ३.६ किलोमीटरचा मार्ग, अकरा वळणांचा. २००१ ते २०१८ पर्यंत त्याला माझदाचेच नाव जोडलेले होते. आठव्या वळणाला कॉर्कस्क्रू म्हणतात. गाडी चढ चढून येते, पुढे नुसते आभाळ दिसते, आणि मग रस्ता डावीकडे-उजवीकडे मुरडत दीडशे मीटरांच्या आत पाच-सहा मजले खाली कोसळतो. त्या टेकडीवर वाळक्या गवतात मी उभा राहिलो. लाल मियाटा वर आली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि खाली नाहीशी झाली. दर फेरीला मी श्वास धरीत होतो आणि ती पुन्हा सरळ रस्त्यावर दिसली की सोडीत होतो.

त्या दिवशी शेजारच्या तंबूत पांढऱ्या दाढीचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्याही मियाटाला टर्बो होता, लहानसाच. भाच्याने उत्साहाने आपले नकाशे दाखवले. म्हाताऱ्याने चष्मा लावून ते नीट पाहिले, मोठ्या टर्बोवर बोट ठेवून "हा मी १ वर्ष वापरला," म्हणाले, आणि आपल्या व्हॅनच्या तळाशी पडलेला एक वाकडा रॉड काढून दाखवला. तो ते पेपरवेट म्हणून वापरत होते. मग त्यांनी भाच्याला स्वतःच्या गाडीत शेजारी बसवून नव्हे, तर भाच्याच्या गाडीमागे राहून दोन फेऱ्या मारल्या आणि कुठल्या वळणावर तो अकारण लौकर ब्रेक दाबतो ते कागदावर लिहून दिले. दुपारच्या पाळीत, एक नट न बदलता, भाच्याची फेरी तीन सेकंदांनी कमी झाली. परत येताना गाडीत तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "लहान टर्बो. आणि आधी ब्रेक. १९९४ नंतरच्या गाडीचे मोठे बसतात हिला."

राहिला प्रश्न ताईचा, आणि तो आमच्या कल्पनेपेक्षा अवघड निघाला.

ताईला शर्यतीची भीती होतीच. पण तिने पहिला प्रश्न विचारला तो कायद्याचा. तिकडे १९७६ नंतरच्या गाड्यांची साधारण दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते, आणि इंजिनाला बाहेरचा भाग लावायचा तर त्याला राज्याच्या हवामंडळाचा मंजुरी-क्रमांक लागतो. भाच्याने जमवलेल्या वऱ्हाडाला तसा क्रमांक मिळणे शक्य नव्हते. म्हणजे गाडीची रस्त्यावरची नोंद थांबवायची आणि ती ट्रेलरवर घालून शर्यतमार्गावर न्यायची.

"म्हणजे ही पुन्हा रस्त्यावर येणार नाही," ताई म्हणाली.

"येईल ना. सगळे भाग नटबोल्टांनी लागतात. काढले की पुन्हा होती तशी."

"सगळे?"

इथे भाचा अडखळला. एक गोष्ट नटबोल्टाची नव्हती. टर्बोला वंगण म्हणून जे तेल जाते ते परत इंजिनाच्या तळपात्रात पडावे लागते, आणि त्यासाठी त्या पात्राला एक भोक पाडावे लागते. अंगठ्याएवढे भोक. ते पुन्हा बुजवता येते, पण पडलेले असते.

ताई काही वेळ त्या गाडीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी वीस वर्षं हिचं तेल स्वतः बदललं. खाली पाठीवर झोपून."

मी भाच्याकडे पाहिले. माझ्या मनात होते तेच त्याच्या मनात असावे, कारण तो एकदम म्हणाला, "आई, मार्चमध्ये माझे ब्रेक गेले होते." आणि सगळे सांगितले, खडीसकट, न बदललेल्या तेलासकट.

ताई रडली नाही की रागावली नाही. ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज जरा मोठा येऊ लागला, आणि आमच्या घराण्यात त्याचा अर्थ आम्हा सर्वांना समजतो. रात्री जेवायला तिने पिठलं-भात केला, मुकाट्याने वाढला, आणि भाच्याचे पान वाढताना एवढेच विचारले, "बाबा तेल दर किती महिन्यांनी बदलायचे, माहीत आहे तुला?" त्याला माहीत नव्हते. फ्रिजच्या कडेला भावोजींच्या हस्ताक्षरातली एक वही अडकवलेली होती. तिच्यात तारीखवार सगळे होते. ती वही तिने त्याच्या पानाशेजारी ठेवली.

तीन दिवसांनी तिने आपल्या अटी सांगितल्या. ब्रेक आधी, ते लागल्यावर एक हंगाम नुसत्या ब्रेकवर. टर्बो त्यानंतर, लहान. मूळ तळपात्राला हात लावायचा नाही. मोडीत निघालेल्या गाडीचे दुसरे आणायचे आणि भोक त्याला पाडायचे. आणि नोंद थांबवण्यापूर्वी एका रविवारी तिला समुद्राच्या बाजूने फिरवून आणायचे. तळपात्र बदलायचे तर पुढच्या चाकांची सगळी चौकट खाली उतरवावी लागते, दोन दिवसांचे काम वाढते, असे भाचा सांगू लागला. "मग वाढू दे," ताई म्हणाली.

मी जूनमध्ये परतलो. निघायच्या आदल्या रविवारी ती फेरी झाली. गाडीत दोनच जागा, म्हणून मी घरीच राहिलो. ताई डोक्याला रुमाल बांधून बसली होती, आणि परत आली तेव्हा रुमाल हातात होता.

परवा भाच्याने फोनवर गॅरेज दाखवले. मोठे ब्रेक लागले आहेत, नवे तेल भरले आहे आणि त्याची तारीख वहीत भावोजींच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिली आहे. जुने तळपात्र मिळाले आहे, त्याला भोक पाडून झाले आहे. टर्बो अजून घेतलेला नाही. त्याचा नकाशा तेवढा भिंतीवर आहे. मी फळी दाखवायला सांगितली. मखराच्या शेजारी एक रिकामा खोका ठेवला आहे. मूळ भाग निघाले की ते त्यात जायचे आहेत. खोक्यावर ताईच्या ठसठशीत अक्षरात लिहिले आहे: 'ह्यांचे. टाकू नये.'